डावखुऱ्याशी बॉक्सिंग

माझे मामा सैन्यात आहेत. तिथे ते बॉक्सिंग खेळतात. बॉक्सिंग म्हणजे मुष्टियुद्ध. दिवाळीच्या सुट्टीत मी आजोळी गेलो तेव्हा मामा पण आले होते. त्यांचा उजवा डोळा काळानिळा झाला होता. आजी घाबरली. मामा म्हणाले, "काही नाही गं आई, डावखुरा भेटला होता."

मी पण डावखुरा आहे. म्हणून मी विचारलं, "मामा, डावखुऱ्यानं मारलं तर जास्त लागतं का?" मामा म्हणाले, "लागतं तेवढंच, पण कुठून आलं ते कळत नाही." मग त्यांनी मला अंगणात उभं करून सगळं दाखवलं.

उजव्या हाताचा खेळाडू डावा पाय आणि डावा हात पुढे ठेवतो. पुढच्या हातानं तो छोटे छोटे ठोसे मारतो. जोराचा ठोसा मागच्या उजव्या हातात राखून ठेवतो. डावखुरा बरोब्बर उलटा उभा राहतो. आरशात बघितल्यासारखं वाटतं. त्यामुळे दोघांचे पुढचे पाय समोरासमोर येतात आणि पायावर पाय पडतो. मामांनी माझा अंगठा दोनदा चेंगरला. पुढचे हात पण एकमेकांना अडतात.

आता खरी गंमत ऐका. दहा माणसांत साधारण एकच डावखुरा असतो. आमच्या वर्गात तर मी एकटाच. म्हणजे डावखुरा रोज उजव्यांशीच सराव करतो, त्याला सगळं पाठ असतं. उजव्यांना मात्र डावखुरा कधीतरीच भेटतो. म्हणून ते गोंधळतात. दोन डावखुरे समोर आले तर ते पण गोंधळतात! हे ऐकून मला फार हसू आलं.

यावर उपाय आहे. उजव्यानं आपला डावा पाय डावखुऱ्याच्या उजव्या पायाच्या बाहेर ठेवायचा आणि आपल्या डावीकडे सरकत राहायचं. म्हणजे त्याच्या डाव्या हातापासून लांब राहता येतं. मग उजव्या हाताचा सरळ ठोसा मारायचा. पण डावखुरा पण आपला पाय बाहेर न्यायला बघतो, म्हणून आधी पायांचंच भांडण होतं.

फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाओ डावखुऱ्यासारखा उभा राहून खेळायचा. मेक्सिकोचा हुआन मॅन्युएल मार्केझ उजवा. २००४ साली पॅकियाओनं त्याला पहिल्याच फेरीत तीनदा पाडलं. तरी मार्केझ उठला आणि लढत बरोबरीत सुटली. २००८ आणि २०११ साली पंचांनी पॅकियाओला विजयी केलं. चौथी लढत डिसेंबर २०१२ मध्ये लास व्हेगासला झाली. सहाव्या फेरीत मार्केझचा उजवा ठोसा असा बसला की पॅकियाओ तोंडावर पडला तो उठलाच नाही. त्याला शिकायला आठ वर्षं लागली, असं मामा म्हणाले.

मामांकडे आठच दिवस होते. रोज सकाळी ते हातात उशी धरायचे आणि मी डाव्या हातानं ठोसे मारायचो. एरवी जेवताना आजी माझ्या डाव्या हातावर चापट मारते. तेव्हा ती ओट्यावर बसून बघायची.

संक्रांतीला मामांचा फोन आला. त्याच डावखुऱ्याशी परत लढत झाली. मामा हरलेच. पण तीन फेऱ्यांतली एक त्यांनी जिंकली, आणि डोळा शाबूत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला परत बोलावलंय. आजी म्हणाली, ये, पण जेवताना उजवाच हात.

– इयत्ता ४ थी