एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर का? हा विषाणू पेशीत नेमकं काय बिघडवतो?

तपासणीच्या रिपोर्टवर 'एचपीव्ही पॉझिटिव्ह' असे शब्द दिसले की पहिला प्रश्न मनात येतो, 'मला कॅन्सर झालाय का?' दुसरा प्रश्न अनेकजणी मोठ्याने विचारतही नाहीत, 'हे आलं कुणाकडून?'

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे, नाही. या रिपोर्टचा अर्थ फक्त विषाणू सापडला एवढाच. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर रिपोर्ट देऊच शकत नाही. लैंगिक संबंधांतून पसरणारा हा विषाणू इतका सर्रास आढळतो की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होते. तो वर्षानुवर्षं गप्पही राहू शकतो. त्यामुळे रिपोर्टवरून कुणावर संशय घेण्यात अर्थ नाही.

मग गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो कसा? त्यासाठी पेशीच्या आत डोकवावं लागेल.

जनुकं तीच, पण सुरू कोणती?

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत साधारण २० हजार जनुकांचा तोच संच असतो. पण सगळी जनुकं एकाच वेळी काम करत नाहीत. कोणती सुरू, कोणती बंद आणि किती प्रमाणात, यावर पेशी कशी वागणार हे ठरतं. यालाच जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात.

गर्भाशयमुखाच्या अस्तरात सर्वांत खालच्या थरातल्या पेशी विभागतात. त्या वर सरकू लागल्या की विभाजनाची जनुकं बंद होतात आणि शेवटी पेशी गळून पडतात. एचपीव्ही सूक्ष्म जखमांमधून खालच्या थरात शिरतो. त्याच्याकडे जेमतेम आठ-नऊ जनुकं असतात. स्वतःच्या प्रती काढण्याची यंत्रणा नसते. ती पेशीकडून वापरायची, तर पेशी विभाजनाच्या तयारीत राहायला हवी. म्हणून जी जनुकं बंद व्हायची, ती विषाणू सुरू ठेवतो.

ई७ आणि ई६ : दोन प्रथिनांचा खेळ

आपल्या पेशीत आरबी नावाचं प्रथिन विभाजनाच्या जनुकांना लगाम घालतं. विषाणूचं ई७ हे प्रथिन आरबीला पकडून नष्ट करवतं. लगाम सुटतो आणि डीएनएच्या प्रती काढणारी जनुकं सुरू होतात.

एरवी असा गोंधळ झाला की पी५३ नावाचं प्रथिन जागं होतं. ते विभाजन थांबवणारी किंवा पेशीलाच संपवणारी जनुकं सुरू करतं. पण विषाणूचं ई६ प्रथिन पी५३ ची विल्हेवाट लावतं. म्हणजे लगामही गेला आणि पहारेकरीही. शिवाय ई६ टेलोमरेज बनवणारं जनुक सुरू करतं. त्यामुळे ठरावीक विभाजनांनंतर थकणारी पेशी थकतच नाही.

पेशी विरोध करत नाही असं नाही. ती पी१६ हे रोखणारं प्रथिन भरपूर बनवते. पण पी१६ चं काम आरबीमार्फतच चालतं आणि आरबी तर उरलेलंच नसतं. ब्रेक जोरात दाबलाय, पण त्याची वायरच तुटलीय, असा हा प्रकार. डॉक्टरांना मात्र याचा उपयोग होतो. पेशींच्या नमुन्यात पी१६ ठळक दिसलं, तर ई७ सक्रिय असल्याचा तो मोठा इशारा असतो.

मग प्रत्येकीला कॅन्सर का होत नाही?

एचपीव्हीचे २०० हून अधिक प्रकार आहेत. कॅन्सरचा धोका असलेले प्रकार डझनभरच. त्यातले १६ आणि १८ हे दोन प्रकार गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरना कारणीभूत ठरतात. त्यांचीही लागण बहुतेकदा प्रतिकारशक्तीच्या जोरावर एक-दोन वर्षांत आटोक्यात येते.

लागण टिकून राहिली तर धोका वाढतो. विषाणूचंच ई२ हे प्रथिन ई६ आणि ई७ यांना आवरून धरतं. कधीकधी विषाणूचा डीएनए तुटून आपल्या डीएनएमध्ये घुसतो. त्यात अनेकदा ई२ चं जनुक मोडतं आणि ई६-ई७ मोकाट सुटतात. डीएनएतल्या चुका साचत जातात. कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती कमकुवत असेल तर हा काळ कमी होतो.

याचा पुरावा काय?

१९५१ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतल्या पेशी त्यांना न विचारता घेतल्या गेल्या. त्या 'हेला' पेशी आजही प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्यांच्यात एचपीव्ही १८ ची ई६ आणि ई७ जनुकं अजून सुरू आहेत. शास्त्रज्ञांनी या पेशींत ई२ परत घातलं. ई६-ई७ बंद पडले, पी५३ आणि आरबी पुन्हा कामाला लागले आणि अनेक दशकं वाढणाऱ्या पेशींचं विभाजन थांबलं. पेशीची सुरक्षा यंत्रणा मेली नव्हती, दाबून ठेवली होती.

हा अजून प्रयोगशाळेतला निष्कर्ष आहे, उपचार नाही.

आपल्या हातात काय आहे?

वेळ. महाराष्ट्रातल्या उस्मानाबाद जिल्ह्यात (आताचा धाराशिव) ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक महिलांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. फक्त एकदा एचपीव्ही तपासणी आणि गरजेनुसार उपचार मिळालेल्या गटात, अशी तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे होते.

जागतिक आरोग्य संघटना तिशीनंतर दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही तपासणीचा सल्ला देते. एचआयव्ही असलेल्या महिलांसाठी ती २५ व्या वर्षापासून आणि अधिक वेळा करायची असते.

लस मुलींना ९ ते १४ या वयात, म्हणजे विषाणूशी संपर्क येण्याआधी, दिल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. लशीत विषाणूचं फक्त बाहेरचं कवच असतं. ई६-ई७ जनुकं नसतात, त्यामुळे लशीमुळे कॅन्सर होऊ शकत नाही. मात्र आधीच झालेली लागण ती बरी करत नाही. म्हणून लस घेतली तरी पुढे तपासणी हवीच.

तेव्हा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तो लपवू नका आणि घाबरून टाळूही नका. डॉक्टरांनी सांगितलेली पुढची तपासणी वेळेवर करा. विषाणूला कॅन्सरपर्यंत पोहोचायला वर्षं लागतात. त्याआधी त्याला गाठता येतं.