जू मिंग यांची 'ताई ची' शिल्पे

तैवानी शिल्पकार जू मिंग (१९३८–२०२३) यांच्या 'ताई ची' मालिकेतील आकृत्यांना नाक-डोळे नाहीत, बोटे नाहीत, अंगावरच्या वस्त्राला चुण्या नाहीत. तरीही कोणता पाय भार पेलतो आहे आणि कोणता हात जोर परतवतो आहे, हे दुरूनही कळते. चिनी युद्धकलेतून आधुनिक शिल्प घडल्याचे इतके सरस उदाहरण क्वचितच सापडेल.

जू मिंग यांचा जन्म तैवानच्या म्याओली जिल्ह्यातला. पंधराव्या वर्षी ते ली चिन-चुआन या काष्ठशिल्पकाराकडे शिकाऊ म्हणून राहिले आणि मंदिरांतले पारंपरिक कोरीवकाम शिकले. या कामात कारागिराची किंमत बारकाव्यावर ठरते. जू मिंग त्यात तरबेज झाले. पण पुढे त्यांना हे सारे बाजूला ठेवावे लागले. १९६८ मध्ये ते आधुनिक शिल्पकार यांग यिंग-फंग यांच्याकडे गेले. शरीर आणि मन दोन्ही घडावे म्हणून ताई ची शिका, हा सल्ला यांग यांचाच.

ताई चीच्या हालचाली संथ असतात. शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर सरकत राहतो आणि एक मुद्रा संपण्याआधीच दुसरी सुरू झालेली असते. प्रतिस्पर्ध्याचा जोर अडवायचा नाही, तो अंगावर घेऊन वळवायचा, हे या कलेचे मर्म. त्यामागे यिन आणि यांग या परस्परपूरक शक्तींची कल्पना आहे. मऊपणा कठीणपणाला पुरून उरतो आणि निसर्गाच्या ओघाविरुद्ध जबरदस्ती करू नये, हा ताओवादी विचारही आहे.

हा विचार जू मिंग यांनी विषयापुरता ठेवला नाही, तो त्यांच्या कामाच्या पद्धतीत उतरला. ओंडका मोठ्या घावांनी फोडायचा, लाकूड आपल्या रेषांनुसार जसे चिरेल तसे चिरू द्यायचे आणि हत्याराच्या खुणा घासून काढायच्या नाहीत. हात झरझर चालला पाहिजे, कारण विचार करत बसले की सहजता जाते, अशी त्यांची धारणा होती. पुढे त्यांनी थर्माकोलचे ठोकळे तापलेल्या तारेने कापून त्यांवरून ब्राँझमध्ये ओतकाम केले. त्यामुळे प्रचंड आकारातही घावाचा ताजेपणा टिकला. आकृत्या कड्यावरून सुटलेल्या शिळांसारख्या दिसतात त्या यामुळेच.

१९७७ मध्ये ही मालिका टोकियोत मांडली गेली आणि त्यांचे नाव तैवानबाहेर पोहोचले. हाँगकाँगच्या एक्स्चेंज स्क्वेअरमधले मोठे ब्राँझशिल्प ताई चीतल्या 'सिंगल व्हिप' या मुद्रेवर आधारलेले आहे. वाकलेला गुडघा आणि पसरलेला हात यांच्या ताणावर सगळे वस्तुमान उभे आहे. तिथल्या घाईगर्दीत ते ठामपणे शोभते. काही शिल्पांत दोन आकृत्या समोरासमोर येतात. तिथे त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेतही जोर जाणवतो. 'कमान' या प्रकारात तर दोघांची शरीरे जुळून एकच आकार होतो. मुद्रा ओळखू येत नाही, उरतो फक्त शक्तीचा प्रवाह. मालिकेतले सर्वांत धाडसी काम हेच म्हणावे लागेल.

१९८० च्या सुमारास न्यूयॉर्कला गेल्यावर जू मिंग सामान्य माणसांच्या रंगीत आकृत्यांकडेही वळले. १९९९ मध्ये उत्तर तैवानमधील जिनशान येथे त्यांनी उभारलेले जू मिंग संग्रहालय सुरू झाले. 'ताई ची' मालिकेतील भव्य शिल्पे तिथे डोंगरउतारावर, उघड्या आकाशाखाली पाहायला मिळतात.