अँप्लिफायर खरंच किती वॅटचा? मोजा, मग भाडं ठरवा

बेळगाव : गणेशोत्सव आला की मंडळं अँप्लिफायर भाड्याने घेतात. वर छापलेल्या वॅटवर जाऊ नका. जाणकार मेकॅनिककडून मोजून घ्या.

स्पीकर काढून त्याजागी ८ ओहमचा, पुरेशा वॅटचा रेझिस्टर लावायचा. ५० हर्ट्झचा टोन देऊन आवाज हळूहळू वाढवायचा; ऑसिलोस्कोपवर लाटेचे माथे चपटे होण्याआधी थांबायचं. मल्टिमीटर एसीवर ४० व्होल्ट दाखवत असेल, तर ४० गुणिले ४० भागिले ८, म्हणजे २०० वॅट.

रेझिस्टर इस्त्रीसारखा तापतो, हात लावू नका. ब्रिज जोडणीत आउटपुटची एकही तार अर्थला नसते. ऑसिलोस्कोपची अर्थ क्लिप तिथे लावली, तर शॉर्ट होऊन अँप्लिफायर जळू शकतो. त्यावर उपाय म्हणून अर्थ पिन मात्र कापू नका; शॉक जिवावर बेतेल. दोन प्रोब लावून फरक पाहा.