राजाच्या जन्माआधीचा राजवाडा

बंगळूर पॅलेसच्या जमिनीवरून सरकार आणि म्हैसूरचे राजघराणे यांच्यात चाललेला वाद एव्हाना वाचकांना पाठ झाला असेल. 1996चा संपादनाचा कायदा, 472 एकरांसाठी ठरवलेली 11 कोटींची भरपाई आणि आता रस्तारुंदीकरणातल्या जेमतेम 15 एकरांच्या टीडीआरपोटी (हस्तांतरणीय विकास हक्कांपोटी) सुमारे 3 हजार कोटींचा आकडा. एकरांच्या या हिशेबात वास्तू मात्र हरवली. तिच्याविषयी एकच गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली जाते: म्हैसूरचा राजा इंग्लंडच्या विंडसर किल्ल्यावर भाळला आणि त्याने तसाच वाडा बांधून घेतला. ही गोष्ट तारखांपुढे टिकत नाही. बांधकाम सुरू झाले 1862मध्ये, सेंट्रल हायस्कूलचे पहिले मुख्याध्यापक रेव्हरंड गॅरेट यांच्या घराचे. ज्या राजाचा हा वाडा झाला, त्या दहाव्या चामराजेंद्र वडियारांचा जन्म 1863चा. राज्याचा कारभार 1831पासून इंग्रज कमिशनरांच्या हाती होता. 1873मध्ये दहा वर्षांच्या राजाच्या खासगीतून 40 हजार रुपये देऊन हे घर त्याच्या इंग्रज पालकांनी विकत घेतले आणि 1878पर्यंत वाढवून, सजवून राजवाडा केला. राज्य परत मिळाले ते 1881मध्ये. म्हणजे हा राजाच्या हौसेचा वाडा नव्हे. ज्याच्या हाती राज्य सोपवायचे त्याने कसे राहावे, याविषयी पालकांनी घेतलेला तो निर्णय आहे.

मराठी वाचकाला हे प्रकरण दूरचे वाटायला नको. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज आणि बडोद्याचे सयाजीराव यांचाही जन्म 1863चाच. तिघेही दत्तक, तिघेही अज्ञान असताना गादीवर आले. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे काम 1877मध्ये सुरू झाले. तो 1884मध्ये पुरा होण्याआधीच चौथे शिवाजी अहमदनगरला वारले होते. बडोद्याच्या लक्ष्मीविलासाचे कामही सयाजीरावांच्या हाती 1881मध्ये अधिकार येण्यापूर्वीच सुरू झाले. दोन्हींचे आराखडे मेजर चार्ल्स मँटचे. मँटने निदान घुमट, छत्र्या, इथले कोरीवकाम यांना जागा दिली. कोल्हापूरच्या दरबार हॉलच्या रंगीत काचांवर तर शिवचरित्रातले प्रसंग आहेत. बंगळूरला बाहेरून ती तडजोडही दिसत नाही. कंगोरेदार कठडे, बुरूज आणि ग्रॅनाइटच्या भिंतींवर चढलेल्या वेली, असा सगळा ट्यूडर थाट आहे. पालकत्वाचा इतका उघड पुरावा या तीन वाड्यांत दुसरा नाही.

यावर कोणी म्हणेल, मग ही उसनी वास्तू जपायची कशाला? त्याचे उत्तर आत गेल्यावर मिळते. तळमजल्यावर उघडा चौक आहे आणि त्यात निळ्या चिनी मातीच्या टाइलांनी मढवलेली ग्रॅनाइटची बैठक. चौक म्हटला की आपल्याला वाडा आठवतो, विंडसर नाही. वर दरबार हॉलच्या एका बाजूला पडदा आहे. त्याआड बसून स्त्रिया दरबार पाहत. इंग्रजी घराच्या पोटात दक्षिणी राजघराण्याची रीत अशी हळूहळू शिरली. पुढे म्हैसूरचेच नंतरचे राजे जयचामराजेंद्र यांनी भर घातली, भिंतींवर राजा रवि वर्म्यांची चित्रे आली. जिन्यावरचे हत्तीचे मस्तक आणि हत्तीच्या पायांची आसने आज बघवत नाहीत, पण त्या काळाचा शिकारीचा माज झाकायचा नसेल, तर तीही तिथेच राहिली पाहिजेत.

2005पासून हा राजवाडा लोकांना खुला आहे. मालकीचा निकाल कोर्ट देईल तेव्हा देवो. तोवर पाहायला जाणाऱ्यांनी ‘विंडसरची नक्कल’ एवढे ऐकून बाहेर पडू नये. खालच्या चौकात थोडे थांबावे. आणि वास्तू ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी दारातच दोन साले ठळक लिहावीत: घर बांधायला घेतले 1862, राजा जन्मला 1863.