वऱ्हाडचा कापूस आणि चीनमधली पावलं

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या शिवारात दिवाळीच्या आगेमागे कापसाचा पहिला वेचा सुरू होतो. सीतादही करून, दहीभाताचा नैवेद्य दाखवून बाया कंबरेला ओटी बांधतात आणि पऱ्हाटीच्या ओळींत शिरतात. वाळलेल्या बोंडांची टोकं बोटांना टोचतात, पायांखाली काळी ढेकळं असतात, आणि दिवसभर ना हात थांबतात ना पाय. याच वऱ्हाडी कापसाचा धागा सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी चीनमधल्या अशा बायकांपर्यंत पोचला होता, ज्यांना शेताच्या बांधापर्यंत चालत जाणंही जड होतं.

मुलींचे पाय बांधण्याची चिनी चाल आपल्याला ऐकून माहीत असते ती सौंदर्याची विकृत हौस म्हणून. मला ती बालमजुरीची गोष्ट वाटते. तिचा शेवट समजून घ्यायचा तर मुंबईच्या गिरण्यांत डोकवावं लागतं.

आधी त्या पायाकडे नीट पाहू. मुलगी पाच-सात वर्षांची झाली की घरातलीच बाई, बहुधा आई, हे काम हाती घेई. साधारण तीन मीटर लांब आणि पाच सेंटिमीटर रुंद कापडी पट्टी. अंगठा मोकळा ठेवून उरलेली चार बोटं तळव्याखाली मुडपायची आणि पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी टाचेभोवती फिरवून करकचून ओढायची. काही दिवसांनी ती सोडायची, पाय धुवायचा, नखं काढायची आणि पुन्हा, पहिल्यापेक्षा घट्ट, बांधायचा. बोटांची हाडं मोडत, पायाची कमान दुमडून उंच होई, टाच आणि चवडा एकमेकांकडे खेचले जाऊन तळव्यात खोल घळ पडे. त्या घळीत जखमा चिघळत. नखं मांसात रुतत, रक्त न पोचल्यामुळे बोटं काळी पडून झडतही. काही मुली जंतुसंसर्गाने दगावल्या. आदर्श मानला जाई तो जेमतेम दहा सेंटिमीटरचा पाय, म्हणजे ‘सुवर्णकमळ’. खेड्यापाड्यांत बहुतेकींचे पाय त्याहून मोठेच राहत, पण वेदना काही कमी नसत.

हे दुखणं बालपणी संपत नसे. बेजिंगमधल्या वृद्ध स्त्रियांची तपासणी करून स्टीव्हन कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ऐंशी ओलांडलेल्या, पाय बांधलेल्या बायकांपैकी ३८ टक्के आधीच्या वर्षभरात एकदा तरी पडल्या होत्या; ज्यांचे पाय बांधले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण १९ टक्के होतं. आधाराशिवाय खुर्चीतून उठता न येणाऱ्या ४३ टक्के, तर दुसऱ्या गटात २६. खुब्याच्या हाडांची घनताही कमी भरली. सहाव्या वर्षी बांधलेली पट्टी ऐंशीव्या वर्षीही त्या बाईला पाडत होती.

ही चाल दहाव्या शतकात एका दरबारी नर्तकीपासून सुरू झाली, अशी दंतकथा आहे. ठोस पुरावा तेराव्या शतकातला: फूचौ इथे १२४३ साली वारलेल्या हुआंग शंग या तरुणीच्या थडग्यात तेरा-चौदा सेंटिमीटरचे जोडे सापडले. पुढे ती उमरावांकडून शेतकऱ्यांपर्यंत झिरपली. मांचू बादशहाने १६६४ मध्ये बंदी घातली आणि चारच वर्षांत ती मागे घ्यावी लागली. हक्का समाजाच्या बायका मात्र पाय न बांधता शेतात राबत राहिल्या.

गरीब शेतकऱ्याने आपल्याच लेकीला पांगळं का करावं? चांगलं स्थळ मिळावं म्हणून, हे नेहमीचं उत्तर. लॉरेल बॉसन आणि हिल गेट्स यांना ते अपुरं वाटलं. चीनच्या खेड्यांतल्या सुमारे अठराशे म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेऊन त्यांनी २०१७ साली पुस्तक लिहिलं. बांधल्या पायांविषयी विचारतानाच त्यांनी लहानपणी हातांनी काय काम केलंत हेही विचारलं. उत्तरं आली: सूतकताई, विणकाम, चटया, जोडे. ज्या मुली घरी बसून असं काम करत, त्यांचे पाय बांधले जाण्याचं प्रमाण अधिक होतं. सहा-सात वर्षांच्या पोरीला तासन्‌तास चरख्यापाशी बसवायचं तर तिचं हुंदडणं बंद करावं लागतं. सगळ्यांना हे पटलेलं नाही. जॉन शेफर्ड यांनी २०१८च्या पुस्तकात प्रतिष्ठेच्या अनुकरणावर भर दिला आहे. मला वाटतं, प्रतिष्ठेने चाल पसरली असेल, पण गरिबाघरी ती टिकली ती कामामुळे.

इथे मुंबई येते. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला सूतगिरणीचा पाया घातला. पुढच्या तीन-चार दशकांत मुंबईच्या गिरण्यांच्या सुताचं परदेशातलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक चीन झालं. वऱ्हाडचा कापूस आखूड धाग्याचा, त्याचं सूत जाडंभरडं, आणि चिनी हातमागाला नेमकं तेच चालत होतं. इंग्रजांनी १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड घेतला त्यामागे या कापसाचा लोभ होताच. गिरणीचं स्वस्त सूत चीनच्या गावोगाव पोचू लागलं तशी घरच्या कताईची कमाई बसली. नंतर जपानच्या आणि शांघायच्या गिरण्यांनी ती बाजारपेठ मुंबईकडून हिसकावली, चरखा मात्र परतला नाही. वऱ्हाडातल्या घरांतही तो असाच बंद पडला होता.

मुंबईच्या त्या गिरण्यांत माणसं सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत. त्यांना रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झुंजीमुळे. त्याच वर्षी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन न करण्याचा निर्धार केला. वस्तराच चालला नाही तर रूढी कशी चालेल? चीनमधल्या सुधारकांनीही व्यवहाराच्या जागीच बोट ठेवलं. मुलींचे पाय बांधणार नाही आणि पाय बांधलेली सून आणणार नाही, अशा शपथा तिथल्या मंडळ्या सभासदांना घ्यायला लावत. कांग योवेई यांनी १८९८ मध्ये बादशहाकडे अर्ज केला, १९०२ मध्ये राजाज्ञा निघाली, १९१२ मध्ये प्रजासत्ताकाने बंदी घातली. या माणसांचं ऋण मोठं आहे. तरी अडीचशे वर्षांपूर्वी फसलेली बंदी या वेळी लागू पडली, त्याचं श्रेय मी सुतालाही देते.

बेजिंगच्या दक्षिणेला डिंगश्येन नावाचा जिल्हा होता. तिथली ५१५ कुटुंबं सिडनी गॅम्बल यांच्या पाहणीत होती. १८९० पूर्वी जन्मलेल्या ९९ टक्के स्त्रियांचे पाय बांधलेले, १९१० ते १४ मधल्या सुमारे ६० टक्के, १९१५ ते १९ मधल्या जेमतेम २० टक्के, आणि १९१९ नंतर जन्मलेली एकही नाही. एका आयुष्याच्या आत हजार वर्षांची चाल संपली. ज्यांचे पाय आधीच बांधले गेले होते त्यांच्यामागे मात्र सरकारी तपासनीस लागले. घरात शिरून पट्ट्या सोडायला लावत, दंड करत. दुमडलेलं हाड पट्टी काढल्याने सरळ होत नाही. आधार गेला की चालताना उलट जास्त दुखतं. म्हणून कित्येकींनी तपासनीस गेल्यावर दार लावून आपल्या हातांनी पट्टी पुन्हा बांधली.