वळण लावावे, लादू नये

मुलांना वळण लावणे किती अवघड, हे प्रत्येक घराला ठाऊक असते. रुळांना वळण लावणे मात्र सोपे असेल, असे कुणी समजू नये!

जर्मनीतील न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने १९६८ साली बागेत धावणारी छोटी आगगाडी बाजारात आणली. तिच्या रुळांमधले अंतर अवघे ४५ मिलिमीटर. तयार वळणे विकत मिळतात. पण सर्वांत लहान वळणाची त्रिज्या जेमतेम ६० सेंटिमीटर. त्यावर लांब डबे अवघडल्यासारखे दिसतात. म्हणून फुलझाडांना ऐसपैस वळसा घालण्यासाठी हौशी मंडळी सरळ पितळी रूळ आणून घरीच वाकवतात.

नुसत्या हाताने वाकवलेला रूळ सोडताच पुन्हा सरळ होऊ पाहतो. सांध्याशी कोपरा उरतो आणि गाडी नेमकी तिथेच घसरते. यावर उपाय तीन चाकांच्या छोट्या यंत्राचा. दोन चाके रुळाच्या एका बाजूला, तिसरे समोरून मधोमध. रूळ त्यातून पुनःपुन्हा फिरवायचा आणि दर फेरीला स्क्रू किंचितच आवळायचा. टोके पकडीत येत नाहीत, सरळच राहतात. ती कापून टाकायची. आणखी एक गंमत : त्रिज्या कितीही असो, काटकोनी वळणात बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा सात सेंटिमीटरांहून थोडा अधिक लांब लागतो.

एकाच दाबात वाकवू गेले, तर रूळ मुडपतो. धीराने, फेरीफेरीने वळवलेला रूळ आपले वळण सोडत नाही. मुलांच्या बाबतीत घरातली वडीलधारी मंडळी तरी वेगळे काय सांगतात?