अर्ध्या मिलिग्रॅमचा प्रश्न : घरच्या पाण्यातील फ्लोराइडची अचूक तपासणी

पैनगंगेच्या दक्षिणेस आपला आदिलाबाद जिल्हा आणि उत्तरेस यवतमाळ व चंद्रपूर. राज्यांची सीमा मधून जात असली तरी भूजलाचा एक दोष तिन्ही जिल्ह्यांत समान आहे. त्यांच्या काही भागांत विहिरी व बोअरच्या पाण्यातील फ्लोराइड मर्यादेपेक्षा अधिक असल्याची नोंद आहे. हा विषय वैद्यकशास्त्राला नवा नाही. शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातील फ्लोरोसिसचे वर्णन १९३७ साली प्रसिद्ध केले. पुढे १९७० च्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी अशा भागांतील मुलांचे गुडघे आत वळण्याच्या व्यंगाकडे जगाचे लक्ष वेधले.

२०१६ साली आरंभ झालेल्या मिशन भगीरथ योजनेमुळे तेलंगणात नदीचे शुद्ध केलेले पाणी घरोघरी नेण्याचा मोठा प्रयत्न झाला. तरीही ज्या दिवशी नळाला पाणी येत नाही त्या दिवशी, तसेच शेतावर, अंगणातील बोअरशी आपला संबंध येतोच. म्हणूनच घरच्या पाण्याची तपासणी कशी करावी, आणि मुख्य म्हणजे अचूक कशी करावी, याचा येथे विचार करू.

अचूकपणा का हवा?

भारतीय मानकानुसार (आयएस १०५०० : २०१२) पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडचे स्वीकारार्ह प्रमाण लिटरमागे १.० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५ हीच आहे. त्यापुढे मुलांच्या दातांवर डाग पडण्याचा धोका वाढतो, आणि ३ ते ६ मिलिग्रॅमच्या टप्प्यात, दीर्घकाळ सेवनानंतर, हाडे व सांधे यांवरील परिणाम दिसू लागतात. म्हणजे निर्णय घ्यावयाचा तो अर्ध्या मिलिग्रॅमच्या फरकावर. जी तपासणी तेवढ्यानेच चुकते ती न केलेली बरी. कारण ती खोटा दिलासा देते.

तपासणी नव्हे ती कोणती?

फ्लोराइडला रंग, वास वा चव नाही. शुद्धीकरण यंत्राचा विक्रेता खिशातून काढतो ते टीडीएस मीटर केवळ पाण्याची विद्युतवाहकता मोजते व त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देते. सहाशेच्या आकड्यात दीड मिलिग्रॅम फ्लोराइड आहे की नाही, हे त्या मीटरला कळणे शक्य नाही.

ज्या पाण्यात डाळ चटकन शिजते ते पाणी चांगले, असे आपल्याकडे मानतात. वास्तविक कॅल्शियम कमी व सोडियम बायकार्बोनेट अधिक असलेल्या पाण्यात डाळ मऊ शिजते. आणि अशाच पाण्यात फ्लोराइड अधिक विरघळून राहू शकते, कारण त्याला बांधून खाली बसविणारे कॅल्शियम तेथे अपुरे असते. तेव्हा डाळीची साक्ष येथे ग्राह्य नाही.

नमुना कसा घ्यावा?

रोग्याचे रक्त चुकीच्या नळीत घेतले तर उत्तम प्रयोगशाळाही हतबल होते. पाण्याचेही तसेच आहे. नमुना काचेच्या नव्हे, स्वच्छ पॉलिथिनच्या बाटलीत घ्यावा. बोअरचा पंप पाच-दहा मिनिटे चालवून साठलेले पाणी जाऊ द्यावे, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळावी, मग भरावी. बाटलीवर स्रोत, तारीख व वेळ लिहावी. जंतुतपासणीचा नमुना वेगळा. त्याची बाटली निर्जंतुक असते, ती विसळू नये. भूजलाचे रसायन ऋतूंनुसार बदलते, म्हणून एकदा मे महिन्यात व एकदा पावसाळ्यानंतर, अशी वर्षातून दोनदा तपासणी करावी.

किट कोठे चुकते?

घरगुती वा ग्रामीण किटमध्ये बहुधा झिर्कोनियम व एका रंगद्रव्याचे संयुग असते. फ्लोराइड त्यातील झिर्कोनियम स्वतःकडे ओढून घेतो व रंग पालटतो. तो रंग पट्टीशी ताडून आकडा वाचावयाचा. पद्धत सोपी आहे, पण तिचे काही शत्रू आहेत. तुरटीने निवळलेल्या पाण्यात ॲल्युमिनियम राहिले असेल तर ते फ्लोराइडला धरून ठेवते व आकडा कमी येतो. क्लोरीन रंगद्रव्यच फिके करते व आकडा चुकतो. उन्हाळ्यात तापलेल्या खोलीत ठेवलेले वा मुदत संपलेले रसायन, तिरपा धरलेला ड्रॉपर, दिव्याचा पिवळा उजेड, हेही दोष आहेतच. रंग नेहमी दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर पाहावा.

उपाय तोच, जो आपल्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळांत रोज होतो : ज्ञात द्रावणाशी तुलना. २२१ मिलिग्रॅम शुद्ध सोडियम फ्लोराइड एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळविले की लिटरमागे १०० मिलिग्रॅम फ्लोराइडचे द्रावण होते. त्यातील १० मिलिलिटर घेऊन पुन्हा एक लिटर केले की बरोबर १ मिलिग्रॅमचे. हा पदार्थ विषारी असल्याने हे काम महाविद्यालयाच्या रसायन प्रयोगशाळेतच व्हावे. मग तीन नळ्या घ्याव्यात : एकीत ऊर्ध्वपातित पाणी, दुसरीत ज्ञात द्रावण, तिसरीत आपला नमुना. कोणती नळी कशाची हे न सांगता दुसऱ्या व्यक्तीस रंग वाचावयास सांगावे. ज्ञात द्रावणाचा आकडा १ आला नाही, तर नमुन्याचा आकडाही सोडून द्यावा.

निकाल १ ते २ च्या दरम्यान आला तर किटवर विसंबू नये. नमुना पाणीपुरवठा विभागाच्या जिल्हा प्रयोगशाळेत द्यावा व तपासणी फ्लोराइड इलेक्ट्रोडने व्हावी असा आग्रह धरावा. त्या पद्धतीत मिसळले जाणारे बफर ॲल्युमिनियमच्या तावडीतून फ्लोराइड मोकळा करते, म्हणून ती अधिक विश्वसनीय आहे.

निकालानंतर

पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. पाणी आटते व प्रमाण उलट वाढते. कँडल फिल्टर व अतिनील दिवा यांचाही येथे उपयोग नाही. आरओ यंत्र, सक्रियित ॲल्युमिना, तसेच नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेली तुरटी व चुन्याची नालगोंडा पद्धत हे खरे उपाय होत. मात्र यंत्रातून बाहेर पडलेले पाणीही तपासावे, कारण पडदा जुना झाला की ते यंत्र नावापुरते उरते.

आम्हा डॉक्टरांचेही एक कर्तव्य आहे. सांध्यांचा ताठरपणा, पाठ न वाकणे किंवा मुलांच्या दातांवरील खडूसारखे पांढरे वा तपकिरी पट्टे दिसले की, "पाणी कोणते पिता आणि किती वर्षांपासून?" हे विचारून केसपेपरवर लिहावे. पक्क्या पुढील दातांचे आवरण पहिल्या काही वर्षांतच घडते. तेव्हा घरात लहान मूल असेल तर ही तपासणी पुढे ढकलू नये. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना किट वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. अशा भगिनींना ज्ञात द्रावणाची एकेक बाटली पुरविणे आपल्या मंडळास अवघड नाही. खर्च अत्यल्प आहे, आणि त्यामुळे गावाच्या वहीत लिहिला जाणारा आकडा विश्वास ठेवण्याजोगा होईल.